मास्कवरून बहीण-भावात अबोला, आणि मधे बाबा

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत)

माझे वडील ७४ वर्षांचे. फुप्फुसांचा जुना आजार आहे, सीओपीडी. मागच्या वर्षी फ्लू झाला, त्याचा न्यूमोनिया झाला आणि बाबा आयसीयूतून कसेबसे परत आले. तेव्हापासून मी घरात नियम केलाय, बाहेरून कोणीही आलं तरी मास्क घातल्याशिवाय बाबांच्या खोलीत जायचं नाही, वर्षभर. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना ऐकलं, धाकट्या भावाने नाही. तो म्हणतो मास्कने काही होत नाही हे सिद्ध झालंय, कोविडमध्ये लोकांना उगाच छळलं आणि तू अजून त्यातच अडकली आहेस. त्याने फॅमिली ग्रुपवर कॉक्रेन रिव्ह्यूची आणि डेन्मार्कच्या स्टडीची लिंक टाकली, मी बांगलादेशच्या स्टडीची टाकली, शब्दाला शब्द वाढत गेला आणि शेवटी मी लिहिलं की तुला बाबांच्या जिवापेक्षा स्वतःचं खरं करणं महत्त्वाचं आहे. त्यानंतर तो आलेलाच नाही, चार महिने झाले. आई म्हणते तू जरा अतीच करतेस. बाबा म्हणतात माझ्यावरून भांडू नका, त्याला येऊ दे. आमच्यात खरं कोण ते एकदा सांगा, आणि शक्य असेल तर अशी एक स्टडी सांगा की त्याचं तोंड बंद होईल. तो मास्क न घालता आला तर मी दार उघडू का?

उत्तर

तोंड बंद करेल अशी स्टडी माझ्याकडे नाही, आणि असती तरी दिली नसती, कारण तोंड बंद झालेला भाऊ घरी परत येईलच असं नाही. पण तुमचा प्रश्न मला टाळायचाही नाहीये, कारण कोण खरं याचा नीट विचार केला की दार उघडायचं का याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. जरा लांबण लागेल, शांतपणे वाचा.

भावापासून सुरुवात करते. त्याने टाकलेल्या दोन्ही लिंक खऱ्या आहेत, कुठल्या भंपक साइटवरच्या नाहीत, एवढं तुम्ही एकदा मनापासून मान्य करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डेन्मार्कची स्टडी २०२० च्या एप्रिल ते जूनमधली. साधारण ६,००० लोक घेतले, निम्म्यांना सर्जिकल मास्क दिले आणि सांगितलं घराबाहेर असताना हे घाला, निम्म्यांना तसं काही सांगितलं नाही. महिन्याभराने बघितलं तर मास्कवाल्यांपैकी १.८ टक्के लोकांना कोविड झालेला आणि बाकीच्यांपैकी २.१ टक्के. एवढासा फरक योगायोगानेही येऊ शकतो, त्यामुळे फायदा दिसला असं म्हणता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. तुमचा भाऊ बहुतेक इथे थांबलाय. पण त्याच पेपरात पुढे असंही आहे की या आकड्यांत मास्कने संसर्ग ४६ टक्क्यांनी कमी होतो इथपासून ते २३ टक्क्यांनी वाढतो इथपर्यंत काहीही बसू शकतं. म्हणजे उपयोग नाही असं सिद्ध झालेलं नाही, उत्तरच मिळालेलं नाही, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे. शिवाय ज्यांना मास्क दिले त्यांच्यापैकी निम्म्याहून कमी लोकांनी तो सांगितल्याप्रमाणे पूर्णपणे वापरला, असं त्यांनीच सांगितलं. आणि तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तिथे फक्त मास्क घालणाऱ्याला स्वतःला काय फायदा झाला तेवढंच मोजलं. त्याच्या शेजारी बसलेल्या आजारी वडिलांना काय फायदा झाला हे मोजलेलंच नाही. तुमच्या घरात प्रश्न नेमका तोच आहे.

कॉक्रेन रिव्ह्यू आला २०२३ च्या जानेवारीत. कॉक्रेनवाले जगभरच्या ट्रायल एकत्र करून हिशोब मांडतात, वैद्यकीय जगात त्यांना मान आहे आणि तो योग्यच आहे. या रिव्ह्यूत ७८ ट्रायल होत्या, पण त्यात हात धुण्याच्याही होत्या, मास्कच्याही होत्या, बऱ्याचशा कोविडच्या आधीच्या, फ्लूच्या सीझनमधल्या. निष्कर्ष असा निघाला की समाजात सर्जिकल मास्क घालणारे आणि न घालणारे यांच्यात बहुधा फारसा फरक पडत नाही. यावर इतका गदारोळ झाला की मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांना निवेदन काढावं लागलं, की मास्क चालत नाहीत असा अर्थ यातून काढणं चुकीचं आणि दिशाभूल करणारं आहे, लोकांना मास्क घालायला लावण्याचा उपयोग होतो का हे यात बघितलं होतं आणि त्याचं पक्कं उत्तर मिळालेलं नाही. रिव्ह्यूचे मुख्य लेखक टॉम जेफरसन मात्र मुलाखतीत याहून बरेच कडक बोलले होते, मास्कने फरक पडतो याला पुरावाच नाही अशा अर्थाचं. म्हणजे एकाच रिव्ह्यूबद्दल इतकी जाणकार माणसं वेगवेगळं बोलली, मग तुम्ही दोघं भावंडं एकमेकांवर ओरडलात यात मला काही नवल वाटत नाही.

आता तुमची लिंक. बांगलादेशची स्टडी खरंच मोठी आहे, ६०० गावं, जवळपास साडेतीन लाख माणसं, नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१. निम्म्या गावांत फुकट मास्क वाटले, लोकांना सतत आठवण करून दिली, गावातल्या मान्यवरांना पुढे केलं. नीट मास्क घालणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं, आणि लक्षणं असलेला आणि रक्ततपासणीत निघालेला कोविड साधारण ९ टक्क्यांनी कमी झाला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत ११ टक्क्यांनी, आणि तिथे साठीच्या वरच्या लोकांत तर ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचं चित्र मात्र स्पष्ट आलं नाही. मला ही स्टडी महत्त्वाची वाटते. पण भाऊ म्हणेल की मास्क वाटलेल्या गावांत लोक एकमेकांपासून थोडं लांबही राहायला लागले होते, मग फरक मास्कचा की अंतराचा? आणि कोणाला मास्क मिळालाय हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे लक्षणं सांगताना माणूस नकळत वेगळं सांगू शकतो. हे आक्षेप त्याने घेतले तर ते रास्त आहेत, तुम्ही चिडू नका. नॉर्वेत २०२३ मध्ये साधारण ४,६०० लोकांवर अशीच ट्रायल झाली, दोन आठवडे सार्वजनिक ठिकाणी मास्क घालणाऱ्यांपैकी ८.९ टक्के लोकांनी सर्दी-खोकल्याची लक्षणं सांगितली आणि न घालणाऱ्यांपैकी १२.२ टक्के, तिथेही लोकांनी स्वतःच सांगितलेलं, त्यामुळे तोच आक्षेप तिथेही लागू होतो.

मग खरं कोण? माझं म्हणणं असं आहे की तुम्ही दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या अंगावर फेकताय. या सगळ्या स्टडींमधला प्रश्न असा होता की हजारो लोकांना मास्क घाला म्हणून सांगितलं, वाटले, मागे लागलं, तर त्या सगळ्या गर्दीत मिळून आजार किती कमी होतो. त्यात न घालणारे आले, हनुवटीवर ठेवणारे आले, बाहेर घालून मित्राच्या घरी काढून बसणारे आले. डॉक्टरांनी हजार जणांना रोज चालायला सांगितलं आणि त्यातल्या बहुतेकांनी आठवड्यात सोडून दिलं तर वर्षाच्या शेवटी हिशोबात फरक दिसणार नाही, पण त्यावरून चालण्याने काही होत नाही असं आपण म्हणत नाही. चालायला सांगण्याची मोहीम काढून उपयोग आहे का एवढंच त्यातून कळतं. सरकारला सक्ती करायची की नाही हे ठरवायला तो हिशोब लागतोच, आणि सक्तीबद्दल तुमच्या भावाचं जे मत आहे ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, तिथे शहाणी माणसंही दोन्ही बाजूंना आहेत. पण तुमच्यापुढचा प्रश्न सरकारचा नाहीये. एक खोली, एक अशक्त फुप्फुसांचा माणूस, आणि बाहेरून आलेला एक जण जो तासभर समोर बसून बोलणार आहे. या खोलीसाठी वेगळी माहिती लागते, आणि ती आहे.

मास्क हवा कशी गाळतो हे बऱ्यापैकी नीट कळलेलं आहे. तुमच्या भावाच्या बाजूचे लोक बरेचदा म्हणतात की व्हायरस एवढा बारीक, मास्कच्या भोकांतून आरामात जाईल. कोरोनाव्हायरस साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हे खरं, पण तो एकटा सुटा उडत येत नाही, श्वासातून बोलण्यातून निघणाऱ्या कणांत बसून येतो आणि ते कण त्याच्याहून मोठे असतात. शिवाय मास्क चाळणीसारखा चालतच नाही. एन९५ मध्ये मधला थर प्लॅस्टिकच्या अतिबारीक धाग्यांचा असतो आणि त्यावर विद्युतभार दिलेला असतो, कण धाग्यांच्या जाळ्यातून वळतवळत जाताना चिकटून बसतात. अगदी बारीक कण तर सरळ रेषेत जातच नाहीत, हवेच्या धक्क्यांनी इकडेतिकडे थडकत राहतात म्हणून उलट जास्त पकडले जातात. सगळ्यात अवघड असतात ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणून एन९५ ची परीक्षा त्याच मापावर घेतात आणि तिथे निदान ९५ टक्के अडले पाहिजेत असा नियम आहे. (त्या विद्युतभारामुळेच एन९५ धुवायचा नसतो, साबणाने किंवा स्पिरिटने भार जातो आणि वरून दिसायला मास्क तसाच दिसतो, हे खूप लोकांना माहीत नसतं.)

आणि तरीही गळतीचा प्रश्न राहतोच. कापड कितीही चांगलं असो, गालाजवळ फट असेल तर हवा तिथून जाणार, तिला सोपी वाट दिसते. सर्जिकल मास्कला बाजूंनी फटी असतातच, त्याचा जन्मच मुळी डॉक्टरच्या तोंडातले थेंब रुग्णाच्या जखमेत पडू नयेत म्हणून झाला. म्हणून समोरच्याचा थुंकीचा फवारा अडवायला तो बरा, हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांसाठी कमी बरा. २०२० मध्ये एक स्टडी आली होती ज्यात आजारी लोकांचा श्वास मशीनमध्ये गोळा केला, मास्क घालून आणि न घालता. साध्या सर्दीच्या कोरोनाव्हायरसच्या बाबतीत मास्क नसताना बारीक कणांच्या ४० टक्के नमुन्यांत व्हायरस सापडला, सर्जिकल मास्क घातल्यावर एकाही नमुन्यात नाही. नमुने थोडे होते, पण फरक ठळक. फ्लूच्या बाबतीत मात्र मोठ्या थेंबांत फरक पडला आणि बारीक कणांत तसा नक्की दिसला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या बाबांना आयसीयूत नेणारा फ्लू होता. म्हणजे तुम्ही दारात जो मास्क हातात देता तो जर साधा सर्जिकल असेल आणि येणारा माणूस शिंकत खोकत असेल, तर तो मास्क घातला म्हणून आत सोडणं ही तुमच्या नियमातली सगळ्यात कच्ची जागा आहे.

इथे मला तुमच्या नियमाकडे वळायचंय, आणि हे मी प्रेमाने म्हणतेय. तुम्ही बाबांना मृत्यूच्या दारातून परत येताना बघितलंय, त्यानंतर माणूस हातात येईल तो नियम घट्ट धरतो, कारण नियम पाळला की वाटतं आपण काहीतरी करतोय. पण जरा विचार करून बघा. तुम्ही आणि आई रोज बाहेर जाता येता, घरात तर मास्क घालत नसणार. पाहुणा मास्क घालून खोलीत जातो, मग सगळे एकत्र जेवायला बसतात तेव्हा मास्क निघतो, बंद खोलीत तासभर गप्पा होतात, बाबाही तिथे असतात. अशी सगळी दारं उघडी ठेवून एकाच दारावर तुम्ही पहारा देताय आणि नेमकं त्या दारात भाऊ उभा आहे. भावाला हे दिसतं, त्याला वाटतं हा बाबांच्या सुरक्षेचा नियम नाहीये, ताईचं म्हणणं मान्य करतोस की नाही याची परीक्षा आहे. आणि तुम्ही ग्रुपवर जे वाक्य लिहिलंत त्याने त्याची खात्रीच पटली असणार.

ते वाक्य मागे घ्या. मास्क न घालणारा म्हणजे वडिलांच्या जिवाची किंमत नसलेला, हे समीकरण मला पटत नाही, आणि तुम्हालाही शांतपणे विचार केलात तर पटणार नाही. त्याला बाबांची काळजी नसती तर तो एवढे पेपर शोधून वाचत बसला नसता, सरळ कारण सांगून आलाच नसता. त्याचा राग बाबांवर किंवा तुमच्यावर नाही, त्याचा राग त्याला कोविडच्या त्या दोन-तीन वर्षांत जे सांगितलं गेलं त्यावर आहे, आणि त्या रागाला कारण आहे. आठवा, २०२० च्या फेब्रुवारीअखेर अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारतर्फे लोकांना आरोग्याचा सल्ला देणारे तिथले मुख्य डॉक्टर, लोकांना सांगत होते की मास्क विकत घेऊ नका, सामान्य माणसाला उपयोग नाही, आणि त्याच दमात की डॉक्टर-नर्सेसना कमी पडतील. ऐकणाऱ्याने काय समजायचं? एप्रिलच्या सुरुवातीला सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने कापडी मास्क घाला म्हणून सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेने जूनमध्ये सल्ला बदलला. बदलण्याला कारणं होती, लक्षणं दिसायच्या आधीच माणूस आजार पसरवतो हे तोवर कळलं होतं. पण आम्हाला आधी नक्की माहीत नव्हतं आणि पुरवठाही कमी होता हे सरळ शब्दांत कोणी सांगितलं नाही, आधीही खात्रीने बोलले आणि नंतर उलटंही तेवढ्याच खात्रीने. विश्वास तिथे गेला. कोविड हवेतून पसरतो हे मान्य करायलाही खूप वेळ लावला. नियम बदलतात याचा अर्थ सगळं खोटं होतं असा भाऊ काढतो, तो मला मान्य नाही, पण त्याचा चिडण्याचा हक्क मान्य आहे. असा तंटा काही नवाही नाही. १९१८ च्या फ्लूच्या साथीत सॅन फ्रान्सिस्को शहरात मास्कची सक्ती झाली होती आणि १९१९ च्या जानेवारीत तिथल्या लोकांनी चक्क मास्कविरोधी संघटना काढली होती.

आता बाबा. तुमच्या पत्रात बाबांचं एकच वाक्य आहे आणि त्याला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. त्याला येऊ दे, असं ते म्हणतायत. ते ७४ वर्षांचे आहेत, फुप्फुसं कमजोर आहेत पण डोकं व्यवस्थित चालतंय, आयसीयू त्यांनी स्वतः भोगलाय, काय होऊ शकतं हे त्यांच्याहून जास्त कोणाला माहितीये? मुलाला भेटायला थोडा धोका पत्करायचा की नाही हे ठरवण्यात पहिला अधिकार त्यांचा आहे. चार महिने मुलगा न दिसणं याचीही किंमत असते, ती कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही एवढंच. त्यांच्याशी एकदा एकट्याने बसून बोला, भावाला बोलावू का असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांनी दिलंय. तुम्हाला सगळ्यात भीती कशाची वाटते बाबा, परत आयसीयूची की एकटं पडण्याची, असं विचारा, आणि मग ते सांगतील त्याप्रमाणे नियम लावा. तुम्ही त्यांची काळजी घेता म्हणून त्यांच्या वतीने सगळं ठरवायचा हक्क मिळत नाही, हे ऐकायला कडू आहे पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

पर्याय काय काय आहेत? नियम आहे तसाच ठेवला तर धोका थोडा कमी होईल, भाऊ येणार नाही, आणि जेवणाच्या टेबलावरचा धोका आहे तसाच राहील. नियम पूर्ण काढला तर शांतता होईल, पण साथ जोरात असताना कोणीतरी नाक ओढत येईल आणि तुम्ही बोलू शकणार नाही, मग तुमची रात्रीची झोप जाईल. मला तिसरं योग्य वाटतं, की वर्षभर सगळ्यांना सरसकट मास्क ही अट सोडा आणि त्याऐवजी दोनच गोष्टींवर पक्क्या राहा, मग कोणीही असो.

पहिली, ज्याला सर्दी, खोकला, ताप, घसा काहीही असेल त्याने यायचंच नाही, मास्क घालूनही नाही, घरात आजारी माणूस असेल तरी आधी फोन करायचा. याने जेवढं होईल तेवढं कुठल्याच मास्कने होणार नाही, आणि यावर तुमचा भाऊही वाद घालणार नाही. तुम्हाला किंवा आईला सर्दी झाली तर मात्र घरातच राहायचंय, तेव्हा बाबांच्या खोलीत जाताना मास्क घालायचा तो तुम्ही, आणि तो चांगला घट्ट बसणारा एन९५. दुसरी, साथ जोरात असेल किंवा बाबा नुकतेच हॉस्पिटलमधून आले असतील किंवा त्यांची तब्येत खालावलेली असेल, तेवढ्या काळापुरता येणाऱ्याने मास्क घालायचा, आणि मागायचाच असेल तर उपयोगाचा मागा, गालाला फट न राहणारा, नाकावरची पट्टी दाबलेला. नाकाखाली लोंबणारा कापडी मास्क मागून तुम्ही भांडण तेवढं विकत घेता, हाती काही येत नाही. बाकीच्या दिवसांत खिडक्या उघड्या, समोरासमोरच्या खिडक्या असतील तर दोन्ही, बसायचं जरा अंतरावर, आणि हवा बरी असेल तर सरळ बाहेर उघड्यावर बसायचं. उघड्या हवेत हे कण पटकन विरून जातात, तिथे मास्कचा वाद जवळजवळ संपतोच. खिडकीचा एक मोठा फायदा म्हणजे ती कोणाच्या राजकारणाची नाही, ती उघडायला कोणाला हरल्यासारखं वाटत नाही. हे कण गाळणारा एअर प्युरिफायर ठेवता आला तर तोही मदतीला येतो.

बाबांनीच एन९५ घालावा का असं तुम्ही विचारलं नाहीये पण बरेच वाचक विचारतात म्हणून सांगते, सीओपीडीत घट्ट मास्कमधून श्वास घेणं जड जाऊ शकतं, त्यामुळे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, दम लागला तर काढायचा. धडधाकट माणसाला मात्र मास्कमुळे ऑक्सिजन कमी पडतो किंवा कार्बन डायऑक्साइड साठतो हे जे फिरत असतं त्यात तथ्य नाही, वायूचे रेणू मास्कमध्ये अडत नाहीत, ऑपरेशन करणारे डॉक्टर तासन्‌तास घालून उभे असतात. पण घाम येतो, कंटाळा येतो, बोललेलं कळत नाही, ज्यांना ऐकू कमी येतं आणि जे ओठांकडे बघून समजून घेतात त्यांची तर फार अडचण होते, हे सगळं खरं आहे आणि असं म्हणणाऱ्याला नाटक करतोय म्हणू नका.

भावाला काय लिहायचं? ग्रुपवर लिहू नका, त्याला एकट्याला लिहा, आणि लिंक एकही नको. साधारण असं काहीतरी: तू पाठवलेल्या दोन्ही स्टडी मी नीट वाचल्या. सगळ्यांवर सक्ती करून किती फायदा झाला याबद्दल तू जे म्हणतोस त्यात तथ्य आहे, मी उगाच उडवून लावलं. ते बाबांच्या जिवाबद्दलचं मी लिहायला नको होतं, तुला त्यांची काळजी आहे हे मला माहितीये. मला बाबांची भीती वाटते, मागच्या वेळचं अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मी वर्षभराचा नियम काढतेय. बरं नसेल तेव्हा येऊ नकोस आणि साथ असेल तेव्हा मास्क घाल, तो पटतो म्हणून नाही, मला झोप लागावी म्हणून घाल, एवढंच मागते. बाबा वाट बघतायत. तुमच्या भाषेत लिहा, पण यातलं पटतो म्हणून नाही हे राहू द्या, कारण त्याला आपलं मत न बदलता मास्क घालायची मोकळीक हवी आहे, आणि ती तुम्ही आजवर दिलेली नाही. ग्रुपवर दुखावलंत तर ग्रुपवरही एक ओळ टाका की मी जास्त बोलले, कारण तिथे सगळ्यांनी वाचलंय.

तरीही तो साथीच्या दिवसांत मास्क न घालता दारात आला तर? तब्येतीने ठणठणीत असेल तर दार उघडा, खिडक्या उघडा, बाबांना विचारा आणि ते म्हणतील तसं करा, भेट थोडक्यात ठेवा. खोकत असेल तर उघडू नका, व्हिडिओ कॉल लावून द्या आणि स्पष्ट सांगा की बरा झालास की ये. हा फरक तुम्हाला स्वतःला पाठ असू द्या म्हणजे दारात उभं राहून वाद घालावा लागणार नाही.

ज्यांच्या घरी केमो चालू आहे, किंवा अवयव बदललाय, किंवा तान्हं बाळ आहे त्यांनाही साधारण असंच सांगेन, फक्त तिथे डॉक्टरांनी सांगितलेल्या काळात नियम जास्त कडक ठेवा आणि त्याची तारीख सगळ्यांना आधीच सांगा, कधीतरी संपणारा नियम लोक पाळतात. बाळांना मास्क लावायचा नसतो, तिथे मोठ्यांनीच सांभाळायचं. आणि ऑफिसमध्ये मास्क घातला म्हणून चेष्टा होते असं लिहिणाऱ्यांना, तुम्हाला कोणाला कारण द्यायची गरज नाही, घरी आजारी माणूस आहे एवढं एकदा सांगितलं की बहुतेक लोक गप्प होतात.

शेवटचं काम लसींचं आहे आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात काहीच नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, न्यूमोकोकल लस न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणापासून वाचवते, आता वयस्कर लोकांसाठी आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या व्हायरसवरचीही लस आली आहे. बाबांना यातल्या कुठल्या आणि कधी द्यायच्या हे त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारायचंय. त्या अपॉइंटमेंटला बाबांना तुम्ही नेऊ नका, भावाला न्यायला सांगा. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये आजारी माणसं खोकत बसलेली असतात, तिथे मास्क कशासाठी हे त्याला वेगळं समजवावं लागणार नाही, आणि साथीत पाहुण्यांनी काय करायचं हा प्रश्न त्यालाच डॉक्टरांना विचारू द्या, तुमच्याकडून ऐकण्यापेक्षा ते बरं.